पिकअपच्या पाठीवरचे बिऱ्हाड

माणूस घरात राहतो आणि वाहनातून प्रवास करतो, ही सर्वसाधारण समजूत ज्या वाहनांना मान्य नाही त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग मोटारहोमचा, ज्यात घर आणि गाडी एकजीव असतात. दुसरा ओढून न्यायच्या कॅरव्हॅनचा, ज्यात घर गाडीच्या मागून येते. आणि तिसरा ट्रक कॅम्परचा, ज्यात घर गाडीच्या पाठीवर बसते आणि मुक्कामी पोहोचल्यावर खाली उतरते. या तिसऱ्या वर्गातील घराला स्वतःची चाके नसतात, इंजिन नसते, नंबरप्लेट नसते आणि तत्त्वतः पत्ताही नसतो. पिकअपच्या हौद्यात, म्हणजे माल भरण्याच्या उघड्या भागात, ते ठेवायचे, आवळून बांधायचे आणि निघायचे, एवढाच त्याचा विधी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते ही म्हण येथे सर्वांच्याच ओठावर येते, परंतु विंचवाला आपले बिऱ्हाड उतरवून ठेवता येत नाही आणि त्यासाठी त्याला परिवहन कार्यालयात खेटेही घालावे लागत नाहीत, हे दोन भेद अभ्यासकाने नजरेआड करू नयेत.

या प्रकाराचे मूळ अमेरिकेत आहे. जॉन स्टाइनबेक या कादंबरीकाराने १९६० साली जीएमसी कंपनीच्या पिकअपवर असे घर चढवले, डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचे नाव रोसिनान्ते ठेवले, चार्ली नावाचा कुत्रा सोबत घेतला आणि देशभर भटकून आल्यावर १९६२ साली त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन घटनांत कार्यकारणभाव असल्याचे कोणीही सिद्ध केलेले नाही. तरीही गुरुग्राममधील सतराव्या मजल्यावरच्या सदनिकेत गृहकर्जाचे हप्ते भरत बसलेल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी हिमाचलातील स्पितीला निघण्याची स्वप्ने पाहणाऱ्या तरुण व्यवस्थापकाच्या मनात तो भाव पक्का झालेला असतो. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ साली भारतीय बाजारात उतरल्यापासून या स्वप्नाला हौदाही मिळाला. प्रस्तुत विवेचन त्या हौद्यावर, आणि विशेषतः हौदा काढून तेथे बसवलेल्या फ्लॅट डेकवर, घर कसे चढते आणि कोठे अडते याविषयी आहे.

हौदा आणि फ्लॅट डेक यांतील भेद आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. शौकीन पिकअपचा कारखान्यातून येणारा हौदा ही वरून उघडी असलेली पेटी असते आणि मागच्या चाकांवरचे पत्र्याचे दोन फुगवटे तिच्यात आत शिरलेले असतात. म्हणून अशा हौद्यासाठी बेतलेल्या कॅम्परची बैठक त्या दोन फुगवट्यांच्या मध्ये मावेल इतकी अरुंद असते आणि वरचा भाग मात्र हौद्याच्या कडा ओलांडून दोन्ही अंगांना रुंदावतो, ज्याला सोयीसाठी पंख म्हणता येईल. फ्लॅट डेक म्हणजे चाकांच्याही वरून नेलेला सपाट तक्ता, ज्याच्या कडांना बिजागरीवर उघडणारे फाळके असतात किंवा नसतात. हौद्यासाठी बेतलेला कॅम्पर या तक्त्यावर ठेवला की तीन गोष्टी एकदम घडतात: तक्ता हौद्याच्या तळापेक्षा उंच असल्याने सगळे घर वर जाते, बैठक अरुंद असल्याने पंखांखाली दोन्ही बाजूंना पोकळी उरते, आणि घराला उचलून धरणारे चार कोपऱ्यांवरचे जॅक तक्त्याच्या रुंदीच्या मानाने एकमेकांच्या फार जवळ असल्याने गाडी त्यांच्यामधून मागे सरकूच शकत नाही. तिसऱ्या अडचणीवर जॅक बाहेर ढकलणारे लोखंडी कोन बसवणे हा उपाय आहे, आणि पहिलीवर घर मुळातच फ्लॅट डेकसाठी बुटके बांधणे हा. दुसऱ्या गोष्टीला अडचण म्हणणेच चूक होय, कारण ज्या समाजाने पलंगाखालची, जिन्याखालची आणि माळ्यावरची जागा कधी मोकळी राहू दिली नाही, तो कॅम्परच्या पंखाखालची जागा पहिल्या दिवाळीपर्यंतही मोकळी ठेवणार नाही.

यानंतर वजनाचा विचार येतो, आणि याच ठिकाणी बहुतेक स्वप्नांचे पाटे बसतात. गाडीच्या कमाल मान्य एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता, आणि दुहेरी केबिनच्या रुबाबदार पिकअपची ही क्षमता भारतात अर्ध्या टनाच्या आतच असते. ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि फोमचे पॅनेल वापरून केलेला हलका कॅम्परदेखील रिकामा असताना चार-पाचशे किलोंच्या खाली सहसा येत नाही. त्यात एका लिटरला एक किलो या हिशेबाने ऐंशी लिटर पाणी, बॅटऱ्या, पंचेचाळीस अंशांच्या गुरुग्रामी उन्हाळ्यात अपरिहार्य ठरणारा एसी आणि चार माणसे मिळवली की घरातील पहिला चमचा ठेवण्यापूर्वीच हिशेब उलटतो. मराठी कुटुंबाच्या बाबतीत पोळपाट-लाटणे, दोन मापांचे कुकर, भाजणीचा डबा, "लागेल तर असू दे" या सदराखाली येणारी एक पिशवी आणि परतीच्या वाटेवर हिमाचलात घासाघीस करून घेतलेली सफरचंदांची वीसेक किलोंची पेटी यांचा वेगळा रकाना ठेवावा लागतो. गंमत अशी की जी गाडी हे सर्व विनातक्रार वाहू शकते ती गुरुग्रामच्या खांडसा मंडीत रोज पहाटे फ्लॉवर उतरवताना दिसते: बोलेरो पिकअपच्या एका प्रकाराची भारक्षमता १.७ टन आणि टाटा योद्धाच्या एका प्रकाराची दोन टन आहे. परंतु फ्लॉवरच्या गाडीतून स्पितीला जाणे हे सोसायटीतील प्रतिष्ठेच्या दृष्टीने अशक्य मानले जाते, आणि म्हणून ज्या गाडीला ओझे पेलते तिच्यावर घर चढत नाही व जिच्यावर घर चढते तिला ओझे पेलत नाही, असा नियम या क्षेत्रात रूढ झाला आहे. यावर मिस्त्रीवर्गाकडून सुचवला जाणारा उपाय म्हणजे मागचे पाटे, अर्थात स्प्रिंगच्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, वाढवणे. पाटे वाढवल्याने गाडी मागून बसत नाही हे खरे, पण आरसी बुकावरचा वजनाचा आकडा त्याने एका ग्रॅमनेही वाढत नाही.

वजन किती याइतकेच ते कोठे बसते यालाही महत्त्व आहे. घराचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे राहावा लागतो. तो मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू चालकाच्या हातात केवळ औपचारिकपणे उरते. मागच्या ॲक्सलपासून गाडीच्या शेपटापर्यंतच्या लोंबत्या भागालाही केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सर्वसाधारणपणे चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे तीन मीटर चाकांतर असलेल्या गाडीच्या मागे १.८ मीटरपलीकडे संसार वाढवता येत नाही. शिवाय पिकअपचे चॅसिस शिडीच्या आकाराचे असून खडबडीत वाटेवर ते पिळवटते, आणि घर मात्र ताठ असते. म्हणून जाणकार घराला चार ठिकाणी जखडण्याऐवजी तीन बिंदूंवर टेकवतात, म्हणजे चॅसिसने कितीही अंग मोडून घेतले तरी भिंतीला तडा जात नाही. चॅसिसला वेल्डिंग करणे किंवा मन मानेल तेथे भोके पाडणे निषिद्ध मानले जाते, आणि तक्ता यू-बोल्टने, मध्ये लाकडाचे पॅकिंग देऊन, आवळला जातो.

हे सर्व सिद्धान्त जुन्या गुरुग्राममधील वेल्डिंगच्या दुकानात पोहोचतात तेव्हा त्यांचे स्वरूप थोडे पालटते. गिऱ्हाइकाने मिलिमीटरमध्ये काढलेला, तीन रंगांत छापलेला आराखडा मिस्त्री दोन्ही हातांनी आदरपूर्वक घेतो, त्यावर चहाचा ग्लास ठेवतो आणि तक्त्यावर वितीने मापे घेत खडूने रेघा ओढू लागतो. "हो जाएगा जी" हे त्याचे उत्तर प्रश्न संपण्यापूर्वी आलेले असते, आणि नंतर पट्टी लावून पाहिले तर खडूची रेघ आराखड्याशी अंगठ्याच्या नखाएवढ्याही फरकाशिवाय जुळते, ज्यामुळे गिऱ्हाइकाचा अपमान पूर्ण होतो. कॅम्पर जॅकवर उभा करून त्याच्याखाली गाडी मागे घेण्याचा प्रसंग त्याहून शिक्षणप्रद असतो. अमेरिकेत हे काम आरसे आणि कॅमेरा यांच्या साहाय्याने एकटा माणूस करतो. गुरुग्राममध्ये गाडीने रिव्हर्सचा पहिला आवाज काढताच शेजारचा पंक्चरवाला, दोन डिलिव्हरीवाले आणि कोणाचा कोण हे कधीच न कळलेले एक काका आपापले काम सोडून मागे येऊन उभे राहतात. पत्र्यावर पडलेली एक थाप म्हणजे येऊ द्या आणि दोन थापा म्हणजे थांबा, असा संकेत सर्वमान्य आहे. अडचण एवढीच की थापा मारणारे हात चार असतात, आणि दोघांनी एकेक थाप दिली तर ती कोणत्या अर्थाने घ्यावी याचा निर्णय बहुधा जॅकच करतो.

घर तक्त्यावर बसले की यंत्रशास्त्र संपते आणि तत्त्वज्ञान सुरू होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी आरसी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे घेतली. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की पाठीवर ठेवलेले घर हा गाडीतील बदल आहे की गाडीतला माल आहे. वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. दोन स्वतंत्र द्रव्यांचा जो संबंध जडतो आणि तुटू शकतो त्याला ते दर्शन संयोग म्हणते, आणि तंतू व वस्त्र यांच्याप्रमाणे जे वेगळे करताच येत नाहीत त्यांच्या संबंधाला समवाय. टर्नबकलने, म्हणजे दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेल्या ताणकडीने, आवळलेला कॅम्पर गाडीशी संयोगाने राहतो. वेल्डिंगने जोडलेला समवायाने. पहिला माल ठरू शकतो, दुसरा निश्चितपणे बदल ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीने नव्या रूपात आलेले कलम १८२-अ अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. आता घर, तक्ता, यू-बोल्ट आणि वायरिंग हे चार बदल मानायचे की मिळून एक, हा अवयव आणि अवयवी यांचा वादही भारतीय दर्शनांत शतकानुशतके चाललेला आहे, मात्र त्यातील कोणत्याही पक्षाला दर अवयवामागे पाच हजार भरावे लागत नव्हते.

संयोगाच्या बाजूने एक व्यावहारिक युक्तिवादही आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली, आणि त्यानंतर तिच्या अंमलबजावणीवर वाद सुरूच राहिले. अशा प्रदेशात डिझेल पिकअपचे आयुष्य घराच्या गृहकर्जापेक्षा कमी असू शकते. समवायी घर गाडीबरोबर भंगारात जाते, संयोगी घर मात्र जुना देह सोडून नव्या पिकअपवर चढते.

परंतु संयोगवाद्यांची खरी कसोटी पुढेच आहे. माल म्हणून नेलेल्या घरात प्रवासात माणूस बसू शकत नाही, कारण मालवाहू वाहनाच्या व्याख्येत ते केवळ माल वाहण्यासाठी असल्याचे म्हटले आहे. थांबलेल्या गाडीतील घरात झोपणारा माणूस वाहिला जात नाही, असे म्हणून यातून सुटका करून घेता येईल. पण गाडी चालू आहे की थांबली आहे हे निश्चितपणे सांगता आले तरच हा युक्तिवाद टिकतो, आणि गुरुग्राममध्ये ते नेहमी सांगता येत नाही. ज्या वर्षी गुडगावचे गुरुग्राम झाले त्याच २०१६ सालच्या जुलै महिन्यात पावसाने हिरो होंडा चौक पाण्याखाली गेला आणि हजारो लोक रात्रभर गाड्यांत अडकून पडले, ज्या घटनेला लोकांनी गुरुजाम असे नाव दिले. त्या रात्री त्या रस्त्यावर एखादा ट्रक कॅम्पर असता तर त्यातील माणसे प्रवास करीत होती की मुक्काम, हे ठरवण्यासाठी खंडपीठ नेमावे लागले असते. आतल्या शेगडीवर कांदेपोहे होत असल्याचा वास पसरला असता तर रांग किती लांबली असती, हा प्रश्न वेगळा. स्पितीपेक्षा हिरो होंडा चौकात या वाहनाची अधिक गरज आहे, असे मत त्यामुळे काहीजण गांभीर्याने मांडतात.

ज्यांना हा वाद नको त्यांच्यासाठी मोटार कॅरव्हॅन हा अधिकृत मार्ग आहे, आणि तेथे मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी एक बाब आढळते. वाहनांच्या एआयएस मानकांचे काम पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेतून चालते, जिच्या नावाने वेताळ टेकडीच्या एका अंगाला पुणेकर एआरएआय टेकडी म्हणतात. आणि त्या मानकांनुसार गाड्या तपासणारी आयकॅट ही संस्था गुरुग्राम जिल्ह्यात मानेसरला आहे. घर कशाला म्हणावे हे पुण्याने सांगावे आणि ते तसे आहे की नाही हे मानेसरने तपासावे, अशी ही श्रमविभागणी आहे. व्याख्येनुसार मोटार कॅरव्हॅनमध्ये निदान बसण्याची आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय असावी लागते. हे सारे पक्के बसवलेले हवे, टेबल तेवढे सहज काढता येण्याजोगे चालते. गुरुग्राममधील पेइंग गेस्टच्या असंख्य खोल्या या व्याख्येला उतरत नाहीत, कारण त्यांत टेबल नसते आणि स्वयंपाकाला मनाई असते, त्यामुळे त्यांना चाके लावली तरी त्यांची नोंदणी होऊ शकत नाही. या किमान यादीत शौचालय मात्र नाही; टेबलाशिवाय घर होत नाही आणि शौचालयाशिवाय होते, हा निष्कर्ष वाचकाने स्वतःच्या जबाबदारीवर काढावा.

कायदा ओलांडून घर सोसायटीच्या फाटकापर्यंत आले की प्रश्न पुन्हा उंचीचा होतो. तळघरातील पार्किंगच्या तोंडाशी लटकवलेली आडवी पट्टी बहुधा सव्वादोन मीटरच्या आसपास असते आणि केबिनवर बिछाना असलेला कॅम्पर सहज पावणेतीन मीटरच्या वर जातो, त्यामुळे ज्याच्या नावावर पार्किंगच्या दोन जागा आहेत त्याचे वाहन बाहेर सर्व्हिस रोडवर उभे राहते. फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये पाहुणा, डिलिव्हरी, टॅक्सी आणि रहिवासी एवढेच रकाने असतात; घरच घरी आले तर काय लिहावे हे तेथील गार्डला कोणी सांगितलेले नसते. बिल्डरांचा दृष्टिकोन मात्र अधिक उदार ठरावा, कारण जिने, लिफ्ट आणि लॉबी यांचा वाटा मिळवून सुपर एरिया काढण्याची त्यांची पद्धत कॅम्परला लावली तर इंजिन, सुटे टायर आणि डिझेलची टाकी यांसह त्याचे क्षेत्रफळ टू बीएचकेपर्यंत पोहोचू शकते.

हा सारा गुंता अमेरिकेतून आयात केलेल्या वस्तूमुळे झाला असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. चाकांवर संसार हा या प्रदेशाला नवा नाही. चित्तोड पडल्यानंतर घर न बांधण्याची शपथ घेतल्याची परंपरा सांगणारे गाडिया लोहार दिल्ली-हरियाणाच्या रस्त्यांकडेला पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नक्षीदार गाड्यांभोवती राहत आले आहेत, आणि १९५५ साली पंडित नेहरूंनी समारंभपूर्वक चित्तोडला नेऊनही सर्वांचा मुक्काम काही हलला नाही. श्रावणात हरिद्वारहून गंगाजल आणणाऱ्या डाक कावडींबरोबरच्या पिकअपमध्ये हौद्याच्या वर फळ्यांचा दुसरा मजला उभा राहतो, खाली सामान आणि वर माणसे. आळंदीहून पंढरीला निघालेल्या दिंड्यांचे ट्रकही शिधा, तंबू, भांडी आणि ताडपत्र्या घेऊन चालतात, आणि त्यांच्या फाळक्यावर बसून निवडलेल्या भाजीने शेकडो पानांची पंगत उठते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण दिंडीच्या ट्रकने कोणत्याही धोरणाची वाट पाहिली नव्हती. या सर्वांत आणि गुरुग्रामच्या ट्रक कॅम्परमध्ये फरक आहे तो टेबलाचा आणि खर्चाचा.

यावरून निघणारे निष्कर्ष थोडे आणि कोरडे आहेत. घर गाडीवर बसवणे कठीण नाही. ते भारक्षमतेत, आरसीत आणि सोसायटीच्या फाटकात एकाच वेळी बसवणे कठीण आहे, आणि या तिघांत भारक्षमतेशी वाटाघाट होत नाही. म्हणून ज्यांना हा उद्योग करायचाच आहे त्यांनी वेल्डिंगच्या दुकानाकडे जाण्यापूर्वी रिकामी पिकअप, कुटुंबासह, जवळच्या वजनकाट्यावर, ज्याला हरियाणात धरमकाटा म्हणतात, उभी करावी आणि पावती घ्यावी. पावतीवरचा आकडा आरसीवरच्या कमाल वजनातून वजा केल्यावर जे उरेल तेवढेच त्यांचे घर; पडद्यांचा रंग त्यानंतर ठरवावा.